मार्कडाउन: शब्द ठळक होतो, प्रत्यय अडतो

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीटिंगची वेळ उठून दिसावी म्हणून दोन्ही बाजूंना स्टार टाकणाऱ्याने लाइटवेट मार्कअप (साध्या चिन्हांनी मजकुराचं रूप सांगणं) वापरलेलं असतं, भले त्याला हे नाव माहीत नसो. वेबसाइटच्या मजकुरासाठी याच जातीतलं सगळ्यात पसरलेलं साधन म्हणजे मार्कडाउन. जॉन ग्रुबर यांनी ते २००४ मध्ये आणलं. लेखनपद्धती ठरवताना ॲरन स्वार्ट्झची मदत झाली, आणि साध्या मजकुराचं एचटीएमएल (ब्राउझर वाचतो ती टॅगांची भाषा) करून देणारी, पर्ल भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट सोबत आली. हेतू असा, की फाइल नुसती नोटपॅडमध्ये उघडली तरी सरळ वाचता यावी, टॅगांच्या जंगलातून वाट काढावी लागू नये. तो हेतू आजही पुरा होतो. शिवाय फुकट आहे, आणि वीस वर्षांपूर्वीची फाइल आजही उघडते.

मराठी मजकुराची साइट चालवणाऱ्याने ते घ्यावं का? घ्यावं. पाचपैकी साडेतीन गुण. कापलेले दीड गुण बहुतेक एकाच जागी गेलेत: शब्द आणि त्याला चिकटलेला प्रत्यय यांच्या सांध्यावर. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय सुटं असतं, मधे मोकळी जागा असते. आपल्याकडे 'ने', 'ला', 'चा', 'मध्ये', 'वर' शब्दाच्या पाठीवरच बसतात. मार्कडाउनचे नियम त्या मोकळ्या जागेच्या भरवशावर रचलेले आहेत.

मूळ शिक्षण अर्ध्या तासाचं. ओळीच्या सुरुवातीला `#` म्हणजे शीर्षक. जितके हॅश तितकी खालची पातळी, सहापर्यंत. `**ठळक**`, `*तिरपा*`. `[मेनू](पत्ता)` म्हणजे दुवा, त्याच्याआधी `!` लावलं की चित्र. `-` म्हणजे यादी, `>` म्हणजे उद्धृत. परिच्छेद बदलायला एक ओळ कोरी सोडायची. एवढ्यावर साध्या साइटचं बहुतेक काम निघतं.

खरी डोकेदुखी ही, की 'मार्कडाउन' म्हणून एकच वस्तू बाजारात नाही. ग्रुबर यांच्या मूळ वर्णनात अनेक जागा मोघम होत्या, त्यामुळे प्रत्येक प्रोग्रामने आपापला अर्थ लावला. २०१४ मध्ये पँडॉक या मजकूर-रूपांतर प्रोग्रामचे कर्ते जॉन मॅकफार्लेन, जेफ ॲटवुड आणि इतरांनी नियम नेमके लिहून काढले, ते कॉमनमार्क. प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या गिटहब या साइटने त्यावर तक्ते, काट मारलेला मजकूर, टिकमार्कच्या याद्या वगैरे जोडून २०१७ मध्ये आपली प्रत छापली. ह्यूगो, जेकिल, एमकेडॉक्स या मार्कडाउन फाइलींपासून साइट बांधून देणाऱ्या व्यवस्था. ह्यूगोमधला गोल्डमार्क हा प्रोग्राम कॉमनमार्क पाळतो. जेकिलमधला क्रॅमडाउन आणि एमकेडॉक्समधलं पायथन-मार्कडाउन आपापल्या जुन्या वळणाने जातात. म्हणून साइटची व्यवस्था निवडताना 'मार्कडाउन चालतं का' हा प्रश्न अपुरा आहे. 'कुठलं चालतं' ते विचारा.

आता तो सांधा. बातमीत एक वाक्य टाकायचं आहे:

`पाणीपट्टी **५०%**नी वाढली.`

कॉमनमार्क पाळणाऱ्या साइटवर हे ठळक होत नाही. चारही स्टार जसेच्या तसे छापले जातात. कारण नियमात आहे: बंद करणाऱ्या स्टारांच्या डावीकडे विरामचिन्ह असेल, तर उजवीकडे मोकळी जागा किंवा दुसरं विरामचिन्ह असलंच पाहिजे. इथे डावीकडे `%` आणि उजवीकडे 'नी'. प्रोग्रामला वाटतं की हे स्टार नवीन ठळक शब्द उघडताहेत, मग बंद करणारं कुणी उरत नाही. हीच गत `**(रविवार)**च्या`, `**"आदेश"**ला`, `**१०० रु.**ना` यांची. अवतरणचिन्ह, कंस, टिंब, टक्का यांपैकी काहीही शेवटी आलं आणि लगेच प्रत्यय लागला की गाडी अडते. कॉमनमार्कच्या ०.३१ आवृत्तीपासून चलनचिन्हंही विरामचिन्हांत धरली जातात, म्हणजे `**५००₹**ला` हेही गेलं. जी साइट काल नीट दिसत होती ती प्रोग्राम अद्ययावत केल्यावर आज स्टार दाखवू लागते, त्याचं एक कारण हे असू शकतं.

गंमत अशी, की ग्रुबर यांच्या मूळ पर्ल स्क्रिप्टमध्ये हे बिनतक्रार ठळक होतं. तिथे इतका बारीक विचारच नव्हता.

उपाय दोन. एक, प्रत्यय आत घ्या: `**५०%नी**`. दोन, चिन्ह बाहेर ठेवा: `"**आदेश**"ला`. दुसरा उपाय अवतरणांना आणि कंसांना शोभतो, पहिला टक्क्यांना आणि रुपयांना. काही जण मधे शून्य रुंदीची अदृश्य जागा टाकून पाहतात. उपयोग होत नाही, कारण नियमाच्या व्याख्येत ती मोकळी जागा धरलेली नाही. तीच `​` अशी लिहिली तर चालते (प्रोग्रामला पुढचं अक्षर `&` दिसतं आणि ते विरामचिन्ह आहे), पण मग शब्दाच्या पोटात एक अदृश्य अक्षर कायमचं राहतं आणि शोध घेताना तो शब्द हाती लागेलच असं नाही. असली कारागिरी नको.

तिरप्या अक्षरांसाठी अंडरस्कोरही चालतो असं प्रत्येक माहितीपत्रक सांगतं. मराठीत तो विसरून जा. `_पुणे_करांनी` असं लिहिलं तर कॉमनमार्क अंडरस्कोर शब्दाच्या मध्यावर आहे असं समजतं आणि दुर्लक्ष करतं. हा नियम प्रोग्रामरांच्या अंडरस्कोरवाल्या नावांसाठी केलेला आहे. फटका आपल्या प्रत्ययांना बसतो. `*पुणे*करांनी` मात्र चालतं. घरचा नियम सोपा ठेवा: स्टारच वापरायचे, अंडरस्कोर कधीही नाही.

आणि सांधा तोडताना मात्रा तोडू नका. `**घर**ात` हे नियमात बसतं, ठळकही होतं, पण 'ा' ही मात्रा आपल्या व्यंजनापासून वेगळ्या टॅगात पडते आणि पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसू शकते. `**घरा**त` किंवा सरळ `**घरात**` लिहा. दुव्यांनाही हेच लागू: `[लेखा](पत्ता)त` ठीक, `[लेख](पत्ता)ात` नको. नुसता पत्ता लिहून आपोआप दुवा होऊ देणार असाल तर आणखी जपा. गिटहबच्या नियमात पत्ता मोकळी जागा येईपर्यंत चालू राहतो, त्यामुळे त्याला चिकटून 'वर' किंवा 'ला' लिहिलं की तेही पत्त्यात जातं आणि वाचक भलत्याच पानावर आपटतो.

मराठी विकिपीडियाची विकिखूण, म्हणजे तिथली मार्कअप पद्धत, दिसायला जुनाट आहे, पण या बाबतीत ती शहाणी. `[[कोल्हापूर]]ला` लिहिलं की 'ला'सुद्धा दुव्यातच सामावतो, कारण विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी प्रोग्राममध्ये मराठीसाठी तशी तजवीज केलेली आहे. `'''५०%'''नी` हेही सरळ ठळक होतं, कारण तिथे अपॉस्ट्रॉफींची फक्त संख्या मोजली जाते. तक्ते मात्र विकिखुणेत इतके किचकट की नवख्याने हात जोडावेत.

याद्यांकडे वळू. पाककृतीच्या पानावर असं लिहिलं:

```
१. पोहे निवडून धुवा.
२. पाणी निथळून दहा मिनिटं ठेवा.
३. कांदा आणि मिरची चिरा.
```

पडद्यावर तिन्ही ओळी एकाच परिच्छेदात सलग येतात. क्रमांकित यादीसाठी फक्त इंग्रजी अंक चालतात, 0 ते 9, जास्तीत जास्त नऊ अंकी, पुढे टिंब किंवा बंद कंस आणि मग मोकळी जागा. देवनागरी १ त्याच्या लेखी साधं अक्षर. तेव्हा फाइलमध्ये `1.` `2.` `3.` लिहा आणि दिसण्याचं काम सीएसएसवर (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेवर) सोपवा: क्रमांकित यादीच्या लिस्ट-स्टाइल-टाइपला 'देवनागरी' ही किंमत रोमन अक्षरांत दिली की ब्राउझर स्वतः १, २, ३ छापतो. आरएसएस वाचकात आणि ईमेलमध्ये ते सीएसएस जात नाही, तिथे इंग्रजी अंकच दिसतील. चालवून घ्या.

उलटी फजितीही होते. परिच्छेदाची सुरुवात `1960. महाराष्ट्र राज्याची स्थापना` अशी केली की प्रोग्राम त्याला यादीतली एक हजार नऊशे साठावी नोंद समजतो. `1960\.` असं उलट्या तिरप्या रेघेने टिंबाला निष्प्रभ करायचं. देवनागरीत `१९६०.` लिहिलंत तर हा प्रश्नच येत नाही. इथे आपली लिपी फायद्यात आहे.

यादीच्या आत परिच्छेद किंवा उपयादी टाकताना किती जागा सोडायची यावर सगळ्यात जास्त चुका होतात. कॉमनमार्कमध्ये नोंदीचा मजकूर ज्या स्तंभात सुरू होतो तिथपर्यंत सोडायची: `- ` नंतर दोन, `1. ` नंतर तीन, `10. ` नंतर चार. नवव्या नोंदीपर्यंत तीन जागांनी ठीक चाललेली उपयादी दहाव्या नोंदीवर अचानक बाहेर सटकते ती यामुळे. पायथन-मार्कडाउनला सगळीकडे चारच लागतात. दोन्हीकडे चालावं असं वाटत असेल तर चार सोडा. परिच्छेद आणि यादी यांच्यामध्ये एक ओळ कोरी ठेवायची सवयही लावून घ्या. कॉमनमार्क ती नसली तरी सांभाळून घेतं, पायथन-मार्कडाउन घेत नाही.

छापील पुस्तकाच्या सवयीने परिच्छेदाची पहिली ओळ चार जागा आत सरकवणाऱ्या लेखकांना आधीच सांगून ठेवा. चार जागा किंवा एक टॅब म्हणजे कोड. तो परिच्छेद राखाडी चौकटीत, टंकलेखकी अक्षरात, न मोडणाऱ्या एका लांबलचक ओळीत जातो आणि मोबाइलवर आडवा सरकवत वाचावा लागतो. कवितेखाली `- संपादक` अशी सही केली तर तिला बुलेट लागतं. तिथे लांब रेघ `–` वापरा किंवा `\-` लिहा. `* अटी लागू` चंही तेच. आणि परिच्छेद संपल्यावर कोरी ओळ न सोडता लगेच `---` टाकलं तर आडवी रेघ येत नाही. वरचा अख्खा परिच्छेद दुसऱ्या पातळीचं शीर्षक होऊन बसतो. संपादकांचे सगळ्यात घाबरे फोन या शेवटच्या चुकीवर येतात.

कविता, ओव्या, पत्ते यांसाठी मार्कडाउन मुळातच गैरसोयीचं. एकदा एंटर मारलं तर ओळ तुटत नाही. ती तोडायला ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडायच्या. त्या दिसत नाहीत, आणि बरेच संपादन-प्रोग्राम फाइल जतन करताना शेवटच्या मोकळ्या जागा झाडून टाकतात. मग छापलेल्या पानावर चार चरणांचा एक गद्य तुकडा. कॉमनमार्कमध्ये ओळीच्या शेवटी `\` टाकता येतं, ते डोळ्याला दिसतं आणि झाडलंही जात नाही. कवितेची साइट असेल तर याच एका सोयीसाठी कॉमनमार्क निवडावं.

तक्त्यांमध्ये मराठीचा एक खास घात आहे. दंड म्हणून बरेच जण कीबोर्डवरची उभी रेघ `|` मारतात. साध्या परिच्छेदात ते खपतं. तक्त्यात तीच रेघ रकाना तोडते:

```
| ओवी | अर्थ |
|-----|------|
| पहिला चरण | दुसरा चरण || भावार्थ |
```

तिसऱ्या ओळीत दोनाच्या जागी चार रकाने झाले. जादाचे गिटहबच्या नियमानुसार मुकाट गाळले जातात, भावार्थ पानावर येतच नाही आणि कुठे चूक झाल्याचा इशाराही मिळत नाही. हीच चूक मथळ्याच्या ओळीत झाली तर खालच्या डॅशांशी संख्या जुळत नाही आणि तक्ता मुळी तयारच होत नाही. खरा दंड `।` आणि `॥` वापरा. उभी रेघच हवी असेल तर `\|`. आकड्यांचे रकाने उजवीकडे सरकवायला डॅशांच्या शेवटी विसर्गचिन्हासारखं `:` द्यायचं. कोलन, बरं का. कीबोर्डवरचा खरा विसर्ग `ः` टाकलात तर तक्ताच उभा राहत नाही.

वर्डमधून किंवा एखाद्या वेबपानावरून चिकटवलेला मजकूर दिसायला निर्दोष असूनही हटून बसतो, तेव्हा संशय न तुटणाऱ्या जागेवर घ्यावा. `#` नंतर ती जागा असेल तर कॉमनमार्क शीर्षक मानत नाही. शोधा-बदला वापरून आधी सगळ्या तसल्या जागा साध्या करून घ्या, मग बाकीचं तपासा.

शीर्षकांच्या आपोआप तयार होणाऱ्या खुणा, म्हणजे पानातल्या पानात उडी मारायला दुव्याला लागतात त्या, हे मराठी साइटचं सगळ्यात दुर्लक्षित दुखणं. क्रॅमडाउन त्याच्या मूळ वळणात (गिटहबच्या वळणावर लावलेला नसेल तर) इंग्रजी अक्षरं, अंक, मोकळी जागा आणि डॅश सोडून बाकी सगळं गाळतो. देवनागरी शीर्षकातून काहीच उरत नाही, म्हणून प्रत्येक शीर्षकाला 'सेक्शन', 'सेक्शन-१', 'सेक्शन-२' अशी रोमन नावं मिळतात. मधे एक नवीन शीर्षक घातलं की खालच्यांचे आकडे सरकतात आणि जुने दुवे चुकीच्या जागी नेतात. पायथन-मार्कडाउनचंही तेच, तिथे नुसते अंडरस्कोर आणि आकडे. त्यात युनिकोडची सोय चालू केली तर आणखी मजा: पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सोयीला) मात्रा आणि हलन्त ही 'अक्षरं' वाटत नाहीत, ती खरवडून काढली जातात. 'पुणे' चं 'पण' होतं, 'कोल्हापूर' चं 'कलहपर'. दुवे चालतात, पण वाचून कोणी सांगावं हे कुठलं गाव! यावर एकच टिकाऊ इलाज: प्रत्येक महत्त्वाच्या शीर्षकापुढे महिरपी कंसात हॅश देऊन स्वतः छोटी रोमन खूण लिहा. क्रॅमडाउन आणि ह्यूगो ती थेट घेतात, पायथन-मार्कडाउनला त्यासाठी एक जोड चालू करावी लागते. रोमन यासाठी, की देवनागरी पत्ता कॉपी केला की त्याचं टक्क्यांच्या सांकेतिक भाषेत रूपांतर होऊ शकतं. 'पुणे' या चार चिन्हांची तिथे छत्तीस अक्षरं होतात.

तिरप्या अक्षरांबद्दल एक सौंदर्याची तक्रार, जिचा दोष मार्कडाउनकडे जात नाही. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीला तिरपा साचाच नाही. ब्राउझर सरळ अक्षर ढकलून वाकवतो आणि शिरोरेषा बिचारी डळमळते. टिरो देवनागरी मराठी या फाँटात खरा तिरपा साचा आहे, पण ठळक नाही. जे वापरत असाल त्यानुसार सीएसएसमध्ये तिरप्याच्या जागी रंग किंवा अधोरेखा ठरवून टाका. `*` टाकणाऱ्या लेखकाला हे कळायचीही गरज नाही, आणि हीच मार्कडाउनची खरी कमाई आहे.

पर्यायांत टेक्स्टाइल (डीन ॲलन, २००२) आता टेक्स्टपॅटर्न आणि जुनं रेडमाइन या वेबप्रोग्रामांपलीकडे फारसं दिसत नाही. तळटीपा, संदर्भ, प्रकरणं असलेल्या मोठ्या ग्रंथासाठी ॲस्कीडॉक हे याच जातीतलं दुसरं साधन जास्त भरवशाचं, पण बातमीदाराला ते शिकवण्यात वेळ घालवू नये.

नवीन साइट किंवा नवीन प्रोग्राम घेण्याआधी हा तुकडा जसाच्या तसा चिकटवून पाहा:

```
#पुणे

दर **५०%**नी वाढले, _पुणे_करांना फटका.

१. पोहे
२. कांदा

मुळशी\
मावळ
```

पहिली ओळ शीर्षक झाली तर प्रोग्राम जुन्या वळणाचा आहे. कॉमनमार्कला हॅशनंतर जागा लागते. दुसऱ्या ओळीत स्टार उघडे दिसले तर वरचे सांध्याचे सगळे नियम तुम्हाला लागू. 'पुणे' तिरपं झालं तर नियम सैल आहेत, पण साइट हलवायची वेळ आली की हीच ढिलाई अंगाशी येईल. पोहे आणि कांदा एका ओळीत येणारच. आणि 'मुळशी' पुढे उलटी रेघ छापून आली, तर कवितांसाठी ओळीमागच्या दोन मोकळ्या जागांवरच भिस्त ठेवावी लागेल. त्या झाडून टाकणारी सेटिंग आधी बंद करा.